द्वेषाची नोंद : महाड ते खैरलांजी

पनवेल तालुक्यातील विचुंबे हे गाव ज्या रायगड जिल्ह्यात आहे, तो १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जाई. याच जिल्ह्यातील महाड येथे १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा गौरव आपण दरवर्षी करतो. परंतु त्यानंतर झालेल्या हल्ल्याची नोंद कशी झाली, इकडे आपले लक्ष कमी जाते.

परिषदेचे लोक वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी खोटी आवई उठविण्यात आली. जमावाने मंडपात घुसून जेवणाऱ्यांना मारहाण केली. प्रतिकारास सिद्ध झालेल्या आपल्या लोकांना बाबासाहेबांनी आवरले व कायद्याचा मार्ग धरला. जून १९२७ मध्ये पाच जणांस चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारता’ने या प्रकरणाची मीमांसा केली. मार खाणाऱ्यांचे मारणाऱ्यांशी वैयक्तिक वैर नव्हते. आघात जातीवर होता. मात्र तत्कालीन कायद्याला केवळ मारहाण दिसत होती. द्वेष हे अकुशलमूल आहे, हे धम्म सांगतो. कायद्याला ते मूळ ओळखण्यास फार काळ लागला.

१९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा ३० जानेवारी १९९० पासून अमलात आला. त्याच वर्षी बौद्धांनाही अनुसूचित जातींत स्थान मिळाले. तरीही २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हा २००८ मध्ये आठ आरोपी खुनाबद्दल दोषी ठरले. पण हा कायदा लागू झाला नाही. गंभीर गुन्ह्यांत ‘जातीच्या कारणावरून’ कृत्य झाले, हे तेव्हा सिद्ध करावे लागे. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने, पीडिताची जात आरोपीस ठाऊक होती एवढे पुरेसे मानले.

म्हणून पहिली फिर्याद काळजीपूर्वक लिहविली पाहिजे. जातिवाचक शब्द जसेच्या तसे, ते कोणाच्या समक्ष उच्चारले, पूर्वीच्या धमक्या, बहिष्कार, हे सर्व तीत यावे. १९९५ च्या नियमांनुसार फिर्याद वाचून दाखविणे व तिची प्रत विनामूल्य देणे बंधनकारक आहे. ठाणे अंमलदाराने नकार दिल्यास ती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठविता येते.

अतिशयोक्ती नको, भयाने मौनही नको. घडले ते घडले तसे सांगणे ही सम्यक् वाचाच होय, असे आम्ही मानतो.