द्वेषाचा जन्म कुठे झाला? हिटलर, व्हिएन्ना आणि १९१९ चे म्युनिक

१/ डिसेंबर १९०७, ऑस्ट्रियातील लिन्झ शहर. क्लारा हिटलर यांचे २१ तारखेला स्तनाच्या कर्करोगाने निधन झाले. अखेरपर्यंत त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी अनेक वर्षांनी अमेरिकेत लिहिले की, दुःखाने इतका खचून गेलेला मुलगा आपण उभ्या कारकिर्दीत पाहिला नव्हता. तो मुलगा होता अठरा वर्षांचा अडॉल्फ हिटलर. डॉक्टरांचे नाव एदुआर्द ब्लॉख, आणि ते ज्यू होते.

२/ या प्रसंगावरून एक तर्क सहज सुचतो: आई ज्यू डॉक्टरच्या हाताखाली गेली, त्या रागातून पुढचे सारे घडले. १९७० च्या दशकात रुडॉल्फ बिनियन या इतिहासकाराने तसा सिद्धान्तही मांडला. पुरावे मात्र नेमके उलट सांगतात. अडॉल्फने डॉक्टरांचे आभार मानले आणि व्हिएन्नाहून त्यांना कृतज्ञतेची कार्डे पाठवली. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीला जोडला गेला, तेव्हा लिन्झमधील इतर ज्यूंच्या वाट्याला छळ आला, पण ब्लॉख यांना गेस्टापोचे विशेष संरक्षण मिळाले. १९४० मध्ये ते अमेरिकेला जाऊ शकले.

३/ अशा कथा आणखीही आहेत. व्हिएन्नातील एका ज्यू वेश्येकडून जडलेला गुप्तरोग. कला अकादमीत प्रवेश नाकारणारे ज्यू प्राध्यापक. न्यूरेम्बर्ग येथे फाशी जाण्यापूर्वी हान्स फ्रांकने लिहून ठेवलेली ज्यू आजोबांची गोष्ट. यांपैकी एकीलाही विश्वसनीय कागदपत्रांचा आधार नाही. या साऱ्या कथांच्या तळाशी मात्र एकच गृहीतक दडलेले आहे: कोणीतरी ज्यूने त्याचे काहीतरी वाकडे केले असलेच पाहिजे. म्हणजे द्वेषाचे कारण शोधता शोधता आपण नकळत दोषाचा वाटा बळींच्याच पदरात टाकतो.

४/ मग खुद्द हिटलर काय म्हणतो? नोव्हेंबर १९२३ चा उठाव फसल्यावर लान्ड्सबर्गच्या तुरुंगात त्याने ‘माइन काम्फ’ लिहायला घेतले. पहिला खंड १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील कथन असे: लिन्झमध्ये ज्यूंचा प्रश्न मनात कधी आलाच नाही, व्हिएन्नात एके दिवशी काळा कफ्तान घातलेला माणूस दिसला, कुतूहल जागे झाले, मग पत्रके वाचली, दीर्घ आंतरिक संघर्ष झाला आणि अखेर ‘सत्य’ उमगले. या पुस्तकाचा मराठी अनुवाद आपल्याकडे सहज मिळतो, आणि अनेक वाचक हे कथन आत्मचरित्रातील सरळ नोंद समजूनच वाचतात.

५/ परंतु हे लेखन पस्तिशीतल्या एका पक्षनेत्याचे आहे. आपली मते सभेत टाळ्या मिळतात म्हणून आलेली नसून तरुणपणी एकट्याने कष्टाने कमावलेली आहेत, हे त्याला अनुयायांना पटवायचे होते. त्यामुळे या कथेची पडताळणी त्या काळातील इतर पुराव्यांशी करावी लागते.

६/ व्हिएन्नात ज्यूद्वेष होता, यात शंका नाही. १९१० च्या सुमारास सुमारे वीस लाखांच्या या शहरात पावणेदोन लाख ज्यू राहत होते. १८९७ ते १९१० महापौर असलेल्या कार्ल लुएगरने ज्यूविरोधाला मते मिळवण्याचे साधन बनवले होते. गेओर्ग फॉन शोनेररचा जर्मन राष्ट्रवाद वंशाची भाषा बोलत होता. स्वस्त पत्रकांतून हेच विष घरोघर पोहोचत होते. हिटलरला पुढे लागलेला शब्दसंग्रह या हवेत आधीच तयार होता.

७/ पण त्याचे प्रत्यक्ष जीवन वेगळे दिसते. १९१० ते १९१३ या काळात तो मेल्डेमानस्ट्रास येथील पुरुषांच्या वसतिगृहात राहिला आणि चित्रे विकून पोट भरत होता. तिथल्या त्याच्या जवळच्या सोबत्यांपैकी एक जोसेफ न्यूमान, ज्यू. त्याची चित्रे नियमित विकत घेणारा सॅम्युएल मॉर्गेनस्टर्न हा काचेचा आणि चौकटींचा व्यापारी, तोही ज्यू. इतिहासकार ब्रिगिटे हामान यांनी या वर्षांचा बारकाईने शोध घेतला, तेव्हा त्या काळातील हिटलरच्या ज्यूद्वेषाचा एकही समकालीन, खात्रीलायक पुरावा त्यांना सापडला नाही.

८/ बालमित्र ऑगस्ट कुबिझेक याच्या आठवणी याउलट सांगतात. त्याच्या मते हिटलर १९०८ मध्येच व्हिएन्नातील ज्यूविरोधी संघाचा सदस्य झाला होता. अडचण एवढीच की, तशी संघटना ऑस्ट्रियात पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झाली. १९५३ मध्ये छापलेल्या या आठवणींवर नंतरच्या काळाची छाया पडलेली आहे.

९/ १९१४ मध्ये हिटलर बव्हेरियाच्या सैन्यात दाखल झाला. ऑगस्ट १९१८ मध्ये त्याला प्रथम श्रेणीचा आयर्न क्रॉस मिळाला. साध्या शिपायाला क्वचितच लाभणाऱ्या या सन्मानासाठी त्याची शिफारस केली होती ह्यूगो गुटमान या ज्यू अधिकाऱ्याने. जर्मनीसाठी लढताना या युद्धात सुमारे बारा हजार ज्यू सैनिक मरण पावले. तरीही ऑक्टोबर १९१६ मध्ये, ज्यू लोक आघाडी टाळतात या आरोपावरून, लष्कराने त्यांची वेगळी मोजणी केली आणि निष्कर्ष मात्र प्रसिद्ध केले नाहीत. अफवेला मोकळे रान मिळाले.

१०/ नोव्हेंबर १९१८: पराभव आणि क्रांती. म्युनिकमध्ये राजेशाही कोसळली. क्रांतीचा नेता कुर्ट आइस्नर ज्यू होता. फेब्रुवारी १९१९ मध्ये त्याची हत्या झाली. एप्रिलमध्ये तिथे सोविएत धर्तीचे प्रजासत्ताक उभे राहिले. त्याच्या काही ठळक नेत्यांचे ज्यू असणे उजव्या गटांना पुरेसे होते: पराभव, क्रांती, साम्यवाद, सगळ्याला एकच आरोपी मिळाला. गंमत अशी की, या राजवटीत हिटलर छावणीतच राहिला. तिच्याविरुद्ध तो लढला नाही. उलट एप्रिलमध्ये बटालियनचा उपप्रतिनिधी म्हणून निवडूनही आला.

११/ मे १९१९ च्या आरंभी ही राजवट रक्तपाताने चिरडली गेली. सैनिकांच्या मनातून डावे विचार पुसून काढण्याचे काम कॅप्टन कार्ल मायरकडे आले आणि त्याने हिटलरला हेरले. जूनमध्ये म्युनिक विद्यापीठात प्रचारकांचा वर्ग भरला. ऑगस्टमध्ये लेखफेल्डच्या छावणीत हिटलर स्वतः सैनिकांपुढे बोलू लागला. ज्यूंवरची त्याची टीका इतकी उघड होती की, थोडे जपून बोलावे असे वरिष्ठांना वाटले.

१२/ १६ सप्टेंबर १९१९. अडॉल्फ गेमलिश नावाच्या व्यक्तीने ज्यूंच्या प्रश्नाविषयी विचारले होते. मायरने उत्तर लिहायला हिटलरला सांगितले. ज्यूद्वेषाविषयीचे त्याचे हे पहिले ज्ञात राजकीय लेखन. त्यात तो म्हणतो की, ज्यू हा धर्म नसून वंश आहे. भावनेच्या भरातील ज्यूद्वेष दंगलींवर संपतो. ‘बुद्धीचा’ ज्यूद्वेष मात्र कायद्याने त्यांचे हक्क काढून घेईल, आणि अंतिम ध्येय असेल त्यांचे समूळ निष्कासन. पत्रात एकाही ओळखीच्या ज्यूचा उल्लेख नाही. ब्लॉख नाहीत, मॉर्गेनस्टर्न नाही, गुटमान नाही. माणसे पुसली गेली आहेत. उरला आहे फक्त ‘वंश’.

१३/ पुढे बिअर हॉल हीच त्याची प्रयोगशाळा झाली. १३ ऑगस्ट १९२० रोजी होफब्रॉयहाउसमध्ये, आपण ज्यूविरोधी का आहोत, या विषयावर तो सुमारे दोन तास बोलला. श्रोत्यांनी त्याला जयघोषाने पन्नासहून अधिक वेळा थांबवले. द्वेष केवळ वक्त्याच्या मनात वाढत नव्हता. सभागृह त्याला खतपाणी घालत होते.

१४/ मग तो केवळ संधिसाधू होता का? इतिहासकारांत येथे मतभेद आहेत. काहींच्या मते बीज व्हिएन्नातच पडले आणि म्युनिकमध्ये अंकुरले. काहींच्या मते खरा बदल १९१९ चाच. पण संधी आणि श्रद्धा परस्परविरोधी नसतात. टाळ्या मिळवून देणारी गोष्ट वारंवार बोलणारा माणूस हळूहळू तिच्यावर विश्वास ठेवू लागतो. २९ एप्रिल १९४५ रोजी, मृत्यूच्या आदल्या दिवशी, टाळ्या वाजवायला कोणी उरले नसतानाही, त्याने राजकीय मृत्युपत्रात ज्यूंनाच दोषी ठरवले.

१५/ कार्ल मायर पुढे समाजवादी लोकशाहीवाद्यांना जाऊन मिळाला आणि हिटलरचा कट्टर विरोधक झाला. फेब्रुवारी १९४५ मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत त्याचा मृत्यू झाला.

१६/ आणि सॅम्युएल मॉर्गेनस्टर्न? १९३८ मध्ये त्याचे दुकान हिरावून घेतले गेले. ऑगस्ट १९३९ मध्ये त्याने थेट हिटलरला पत्र लिहिले. जुनी ओळख सांगितली आणि पत्नीसह देश सोडता यावा एवढीच मदत मागितली. ते पत्र हिटलरपर्यंत पोहोचलेच नाही. १९४१ मध्ये पतिपत्नींना पोलंडमधील वुच येथील घेट्टोत पाठवण्यात आले आणि १९४३ मध्ये मॉर्गेनस्टर्न तिथेच मरण पावला. ज्या तरुणाची चित्रे त्याने एकेकाळी विकत घेतली होती, त्याचे त्याने काहीही वाकडे केलेले नव्हते.