बॉयलर विझवणारा माळी

आजचा एपिसोड फुलांचा आहे, पण त्यात कोळसा भरपूर आहे.

1861 चा हिवाळा. आयर्लंडमधल्या बॅलीकिलकॅव्हनच्या जमीनदाराकडे विल्यम रॉबिन्सन नावाचा 22-23 वर्षांचा माळी होता. तिथे त्याचं कुणाशी तरी बिनसलं. म्हणे, एका गोठवणाऱ्या रात्री त्याने काचघरांचे बॉयलर विझवले, खिडक्या सताड उघडल्या आणि चालता झाला. सकाळी आतली नाजूक झाडं मेलेली. किस्सा ऐकीव आहे, पुरावा कच्चा. पण पुढे तो ज्या गोष्टीसाठी भांडत राहिला, ती त्यात अचूक सापडते.

1845 मध्ये ब्रिटनमध्ये काचेवरचा कर उठला आणि काचघरांचं पेव फुटलं. दक्षिण आफ्रिकेतली जिरेनियम, दक्षिण अमेरिकेतली कॅल्सिओलारिया अशी हजारो रोपं उन्हाळ्यात बाहेर गालिच्यासारखी लावायची आणि थंडी पडली की उपटून टाकायची. पुढच्या वर्षासाठी त्यांची कलमं हिवाळाभर काचेआड उबेत जपायची. त्यासाठी शिकाऊ पोरं भिंतीमागच्या खोपटात झोपायची आणि रात्री उठून भट्टीत कोळसा टाकायची. आमच्या ऑन-कॉल ड्युटीसारखंच, फक्त लॅपटॉपऐवजी फावडं.

रॉबिन्सन लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या वनस्पती उद्यानात लागला, आणि त्याच्याकडे काम आलं ते थंडी सोसणाऱ्या बहुवर्षायू झाडांचं! पिओनी, फ्लॉक्स, डेल्फिनियम. यांचा हिवाळा फुकटात निघतो. वरचा भाग वाळून जातो, साठवलेलं अन्न मुळांत असतं आणि कोंब मातीलगत झोपून राहतात. बर्फ पडलं तर तीच गोधडी. पिओनीला तर थंडी मिळाली नाही, तर फुलंच धरत नाहीत. यांना थंडीपेक्षा साचलेलं पाणी जास्त मारतं.

कुंडीत मात्र गणित बदलतं. जमिनीत गारठा फक्त वरून उतरतो, कुंडीला तो चारी बाजूंनी घेरतो आणि मुळं गोठतात. म्हणून तेव्हाचे माळी कुंड्या काठापर्यंत राखेत पुरून ठेवायचे. बॉयलरमुळे राखेला काही तोटा नव्हता!

1870 मध्ये ‘द वाइल्ड गार्डन’ आणि 1883 मध्ये ‘द इंग्लिश फ्लॉवर गार्डन’ लिहून रॉबिन्सनने गालिचा-पद्धतीवर तोंडसुख घेतलं. त्याची भाषा खरंच बोचरी होती. पण ही झाडं त्याने शोधलेली नव्हती. गरिबांच्या अंगणात ती आधीपासून होतीच, कारण त्यांना कोळसा परवडत नव्हता.

शेवटचा घाव घातला तो पहिल्या महायुद्धाने. चॅट्सवर्थचं प्रचंड काचघर 8 बॉयलरवर चालायचं, कोळसा आणायला जमिनीखालून रूळ होते. युद्धात कोळसा मिळेना, आतली झाडं मेली आणि 1920 मध्ये ते काचघर पाडून टाकलं. रॉबिन्सन तेव्हा ऐंशी पार करून ससेक्समधल्या आपल्या बागेत होता.

भेटू पुढच्या एपिसोडला!