हिऱ्याची अंगठी, कोंदण आणि आजीचं ‘हलकं सोनं’

संशोधनाचा प्रश्न शोधायचा कुठे, असं बरेच जण विचारतात. मला परवा एक गुजरीत मिळाला.

शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी सध्या माझ्या साखरपुड्याची गडबड आहे. अंगठी बघायला आजीला घेऊन गेले. सोनारांनी दाखवलेली अंगठी मला लगेच आवडली: नाजूक कडं, वर चार बारीक काट्यांनी उचलून धरलेला हिरा, सोनं 18 कॅरेट. आजीनं ती हातात घेतली आणि खाली ठेवली. “असलं हलकं सोनं आपल्यात चालत न्हाई. बावीसचं करा.” सोनार म्हणाले, “आजी, बावीसमध्ये हे काटे टिकणार नाहीत.” दोघंही अनुभवी, दोघंही ठाम. मग बरोबर कोण?

आधी विज्ञान बघू. 22 कॅरेटमध्ये 1000 भागांत साधारण 916 भाग सोनं असतं, 18 कॅरेटमध्ये 750. उरलेले भाग मुख्यतः तांबं आणि चांदीचे. शुद्ध सोन्यात अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरतात, म्हणून ते मऊ. वेगळ्या आकाराचे तांब्याचे अणू मध्ये आले की घसरणं अडतं आणि धातू कडक होतो. बारीक काट्यांना हा कडकपणा लागतोच. म्हणजे सोनार बरोबर.

पण ही रचना आली कुठून? दक्षिण आफ्रिकेत 1867 पासून हिरे सापडू लागले आणि पुरवठा वाढला. 1886 मध्ये न्यूयॉर्कच्या टिफनी कंपनीनं सहा काट्यांवर हिरा उचलून धरणारी अंगठी बाजारात आणली. हिऱ्यात सगळीकडून उजेड शिरावा, हा त्यामागचा विचार. आज आपण जिला ‘एंगेजमेंट रिंग’ म्हणतो, ती बहुतेक याच घराण्यातली.

आपल्याकडे मात्र त्याआधी कितीतरी शतकं हिरे जडवले जात होते. ब्राझीलमध्ये 1720 च्या दशकात खाणी सापडेपर्यंत जगातले बहुतेक हिरे भारतातूनच जायचे. इथल्या कुंदन कामात अतिशुद्ध सोन्याचा पातळ पत्रा रत्नाभोवती दाबून बसवतात. शुद्ध सोन्याचे थर नुसत्या दाबानं, न तापवता एकमेकांना जुळतात. तिथे मऊपणा हाच गुण! भेसळ वाढली तर कामच बिघडतं. म्हणजे आजीही बरोबर.

आजीच्या रागाला आणखी एक कारण आहे. चीन युद्धानंतर, जानेवारी 1963 मध्ये, सुवर्ण नियंत्रण नियम आले. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. 14 कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली आणि असंख्य सोनारांची रोजी बुडाली. पुढे ही अट उठली, 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदाही 1990 मध्ये रद्द झाला. आजीचं लग्न त्याच सुमाराचं. कमी कॅरेट म्हणजे लादलेलं सोनं, हे तिच्या मनात पक्कं बसलंय. 18 कॅरेटवरही आज अधिकृत हॉलमार्क असतो, हे मी तिला सांगून बघितलं. उपयोग शून्य.

शेवटी मीच माझा प्रश्न बदलला. ‘कोणतं सोनं चांगलं?’ याऐवजी ‘कोणत्या कामासाठी?’ असं विचारलं. मी दिवसभर लॅबमध्ये हातमोजे घालते, वर आलेले काटे त्यात अडकणार. कड्यावरही बारीक हिरे जडवले तर पुढे माप बदलणं अवघड. म्हणून ठरलं: साधं, अर्धगोल, जरा जाड कडं, आणि हिरा सगळ्या बाजूंनी सोन्याच्या कोंदणात. अशा कोंदणाला 22 कॅरेट चालतं. उजेड थोडा कमी शिरेल, पण हिरा सुरक्षित राहील. आजी खूश, सोनारही तयार.

संशोधनात दोन जाणकार उलट बोलले, की चूक कुणाची हे शोधायची घाई करू नका. प्रत्येकाचं म्हणणं कोणत्या परिस्थितीत खरं आहे, ते आधी लिहून काढा. बऱ्याचदा तुमचा प्रश्न तिथेच सापडतो.