उन्हाळ्यात टिकणारी हिरवळ: गवताची निवड आणि पाणी

कृषी पर्यटन केंद्र, शेतघर किंवा मंगल कार्यालयासाठी हिरवळ (लॉन) करायची असेल, तर गवत ठरवण्याआधी एप्रिल-मेमध्ये तुमच्या विहिरीला किती पाणी राहते ते पाहावे. रोपवाटिकेत सगळीच गवते छान दिसतात.

दिवसभर ऊन असलेल्या जागेसाठी हरळीसारखे गवत नाही. ती तुडवण सोसते. पाणी तोडले तर पिवळी पडते, पण जमिनीखालच्या कांड्या जिवंत राहतात आणि पावसाबरोबर पुन्हा फुटतात. सावलीत मात्र विरळ होते. दुसरी अडचण तुम्हाला सांगायला नको: शेतातली हरळी काढताना नाकी नऊ येतात. म्हणून बागेच्या किंवा पिकाच्या बांधाला लागून ती लावू नये. मध्ये पायवाट सोडावी, कडेचे धावते फुटवे छाटत राहावे. कापलेले ताजे गवत शेतात टाकू नये, कांड्यांच्या तुकड्यांना मुळे फुटतात.

कोरियन गवत (झॉयशिया) दाट, सावकाश वाढणारे. कापणी कमी लागते. उन्हाचा फटका बसला तर सावरायला फार वेळ घेते, म्हणून लहान जागेपुरतेच ठेवावे. कोकणात झाडाखालच्या आम्लधर्मी जमिनीत कार्पेट गवत चालते. पाणी खारट असेल तर पास्पालम. राय, फेस्क्यू ही थंड हवेची गवते. त्यांचे बियाणे घेऊ नये.

आता पाण्याचा हिशेब. एक चौरस मीटरवर 1 मिमी पाणी म्हणजे 1 लिटर. गुंठा साधारण 100 चौरस मीटरचा. उन्हाळ्यात आठवड्याला 25 मिमी धरले, तरी गुंठ्याला 2,500 लिटर लागतात. पाच गुंठ्यांना 12,500, म्हणजे 10,000 लिटरच्या टँकरहून जास्त. विदर्भ-मराठवाड्यात मेमध्ये याहूनही अधिक. फळबाग त्याच विहिरीवर असेल तर दोन गुंठेच करा.

नवीन लावणीला पहिले दोन-तीन आठवडे रोज हलके पाणी लागते. रुजलेल्या हिरवळीला रोज शिंपडू नये, मुळे वरच राहतात. आठवड्यातून दोनदा, पहाटे, प्रत्येक वेळी साधारण 12 मिमी द्यावे. तुषार संचाखाली सपाट बुडाचे चार-पाच सरळ डबे ठेवून तेवढे पाणी साचायला किती मिनिटे लागतात ते एकदा मोजावे. मुरमाड जमिनीत तेच पाणी तीन वेळांत विभागावे. काळ्या जमिनीत पाणी साचू लागले की संच बंद करून तासाभराने उरलेले द्यावे.

गवत निळसर-करडे दिसू लागले आणि पावलाचा ठसा उमटून तसाच राहिला, की पाण्याची वेळ झाली. उन्हाळ्यात कापणीची उंची थोडी वाढवावी. एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये.

लव्हाळा बळावू लागला, तर तणनाशक आणण्याआधी पाणी जास्त होत नाही ना ते तपासावे.