मोडीचे लोखंड आणि शेतकऱ्याचा फाळ

कुळवाची फास झिजली म्हणून कोणी ती उकिरड्यावर फेकलेली तुम्ही पाहिली आहे काय? नाही ना! ती लोहाराच्या भट्टीकडे जाते. फासेचे खुरपे होते, खुरप्याचा उरलासुरला तुकडा कुठे खिळा म्हणून ठोकला जातो. पण हे लोखंड मुळात खेड्यात येत होते कोठून, हे सहसा कोणी विचारत नाही. इतिहासाच्या पुस्तकांत तलवारीचे आणि तोफेचे लोखंड जागोजाग भेटते. फाळाच्या लोखंडाला मात्र तिथे जागा नाही.

रेल्वे येण्यापूर्वी ते जवळपासच तयार होई. महाबळेश्वरच्या डोंगरात धावड नावाचे लोक लोहदगड गोळा करून लाकडी कोळशाच्या भट्टीत गाळीत. काम मोठ्या कष्टाचे, कोळसा अमाप लागे आणि हाती येई थोडे. जुना नांगर जवळजवळ सगळा बाभळीचा आणि लोखंड फक्त टोकाला, त्याचे कारण यातच आहे. आपला शेतकरी अडाणी म्हणून लाकडाचा नांगर वापरी, असे कोणी म्हणाले तर ते खरे मानू नका. लोखंडच महाग होते!

एकोणिसाव्या शतकात विलायतेचे स्वस्त लोखंड बंदरात उतरू लागले, इकडे जळण महागले, आणि धावडांच्या भट्ट्या विझल्या. १८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली. पुढे लोहमार्ग आतपर्यंत पोचले तसे खेड्यातल्या लोहाराला नवे लोखंड मिळण्याआधी दुसऱ्याने वापरून टाकलेले लोखंड मिळू लागले. बैलगाडीच्या चाकाची झिजलेली धाव, कापसाच्या गाठींच्या पट्ट्या, मोडका आस. रुळाचा हातभर तुकडा मिळाला तर त्याची ऐरणच होई.

याच सुमारास दुसरी एक वाट निघाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, अशी लोकांची समजूत. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली म्हणतात. पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि या नांगराने देशावरची काळी जमीन खोल उलथली, हे सर्वांना ठाऊक आहे. एक गोष्ट मात्र सांगायची राहून जाते. बिडाचा भाग मोडला तर गावच्या लोहाराचा तिथे इलाज चालत नाही. बिडात कार्बन दोन टक्क्यांहून जास्त असतो. घणाखाली ते वाढत नाही, फुटते. लाकडी नांगराचा फाळ लोहार शेवटून देई. कारखान्याच्या नांगराला कारखान्याचाच सुटा भाग लागे. बलुत्याचा एक धागा तिथे तुटला.

दुसऱ्या महायुद्धात, म्हणजे १९३९ ते ४५ या वर्षांत, लोखंडावर नियंत्रण आले आणि नवा माल मिळणे कठीण झाले. युद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या लॉऱ्या विकायला निघाल्या, आणि मोटारींची वाहतूकही वाढली. त्यातून लोहाराला एक रत्न गवसले: लॉरीचा कमानपाटा! हे स्प्रिंगचे पोलाद, साध्या लोखंडापेक्षा कितीतरी कडक. विळा, कोयता, खुरपे यांना याहून चांगला माल खेड्यात आजही सहजी मिळत नाही.

पण त्याची रीत आहे. पाटा आधी लाल तापवून राखेत पुरून सावकाश निवू द्यायचा, म्हणजे तो मऊ पडतो. मग पुन्हा तापवून घडवायचा. शेवटी डाळिंबी लाल झाला की पाणी पाजायचे. पाणी फार थंड असेल तर धारेला तडा जातो, म्हणून जाणते लोहार तेल वापरतात. एवढ्यावर काम संपत नाही. विझवलेले पोलाद काचेसारखे ठिसूळ असते. ते घासून हलक्या आचेवर धरले की त्यावर रंग चढतात: आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तांबूस, मग मोरपिशी निळा. विळ्याला पिवळ्यावर थांबायचे. जिथे लवचीकपणा हवा तिथे निळ्यापर्यंत जायचे. शाळामास्तरांनी हे मुलांना लोहाराच्या भट्टीपुढे उभे करून दाखवावे. रसायनशास्त्राचा एक धडा तिथे फुकट मिळेल.

या विद्येचे मोठे धनी म्हणजे घिसाडी. आपले मूळ राजपुतान्यात असल्याचे ते सांगतात. गावोगाव पाल ठोकायचे, भाता लावायचा, गावची मोड घ्यायची आणि तिचीच अवजारे करून द्यायची. पुरुष सांडशीत लोखंड धरतो, बाई घण घालते. ठिकाण चुकवून घण पडला तर सांडशी धरणाऱ्याचा हात जायचा. तो पडत नाही. आपण मात्र या कुटुंबांना गावाबाहेरच ठेवले, त्यांच्या मुलांचे नाव शाळेच्या पटावर यायला किती काळ लागला!

आता गावात ट्रॅक्टर आहेत, आणि ट्रॅक्टरचीही मोड निघते. भंगाराच्या ढिगात पाटा, बीड आणि साधे लोखंड एकत्रच पडलेले असते. जुना लोहार त्यातला तुकडा उचलतो, हातोडीने एकदा वाजवतो, कान देतो, आणि मगच बाजूला काढतो.