चरीचा संप आणि पुढारी घडवण्याची शाळा

आज आपण डोलवीत बसलो आहोत. इथून धरमतरचा पूल ओलांडला की पोयनाड, आणि तिथून जवळच चरी हे गाव. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, न्याय म्हणजे काय यावर तास घेतले. पण न्यायाचा सर्वांत चांगला धडा या खाडीपलीकडच्या कुळांनी दिला, असं आता सत्तरी ओलांडल्यावर वाटतं.

आधी खारेपाटाची शेती समजून घेऊ. खाडीचं पाणी अडवायचं तर बांध हवा. बांध एकट्याने राखता येत नाही. एका जागी भगदाड पडलं की सगळ्यांचं भात खारं होतं. हा बांध राखायचा कुळांनी, चिखलात उभं राहायचं कुळांनी, आणि पीक निघालं की मोठा वाटा खोताच्या घरी. वर कबुलायतीवर अंगठा द्यायचा आणि वेठबिगारीही करायची.

या परिस्थितीत नारायण नागू पाटील उभे राहिले. 27 ऑक्टोबर 1933 रोजी चरीच्या सभेत ठरलं, खोताची जमीन कसायची नाही. सुमारे 25 गावं त्यात उतरली. हा संप 1939 पर्यंत चालला. गिरणीतल्या संपात पगार बुडतो. इथं तर घरातला तांदूळच संपला. मग माणसं रानात गेली, लाकूडफाटा विकला, खाडीत मासे धरले. बायकांनी चुली कशा चालवल्या असतील, याचा विचार करा.

आता प्रश्न असा, की सहा वर्षं माणसं टिकली कशी? निव्वळ एका पुढाऱ्याच्या भाषणावर कुणी सहा वर्षं उपाशी राहत नाही. आम्हाला असं वाटतं, की बांधाने त्यांना आधीच शिकवलं होतं: एकाने कच खाल्ली तर सगळ्यांचं बुडतं. नारायण नागूंचं मोठेपण हे, की त्यांनी ही जुनी सवय ओळखली आणि ती हक्काच्या कामाला लावली.

पण ते गावापुरते थांबले नाहीत. 1934 साली चरीला शेतकरी परिषद झाली, तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. बहुसंख्य आगरी कुळांच्या लढ्यात बाबासाहेब आले, ही गोष्ट लहान नव्हे. 1937 मध्ये ‘कृषीवल’ निघालं. वर्तमानपत्र म्हणजे प्रौढांची शाळाच; एकाने वाचायचं, दहांनी ऐकायचं. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडलं, आणि जानेवारी 1938 मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. 1939 च्या कायद्याने ‘संरक्षित कूळ’ हा शब्द आणला. पुढे 1948 चा कूळकायदा आला आणि 1949 मध्ये खोती नष्ट करणारा कायदा झाला.

बघा, काल ज्याला खोत कधीही काढू शकत होता, त्याला कायद्यात नाव मिळालं. न्यायाची सुरुवात इथून होते.

आता थोडं अलीकडचं. 21 सप्टेंबर 2008 रोजी आपल्याच पेण तालुक्यातल्या 22 गावांत ‘सेझ’ला जमीन द्यायची की नाही, यावर शेतकऱ्यांचं मत सरकारने नोंदवून घेतलं. पंचाहत्तर वर्षांपूर्वी ज्यांना कुणी विचारत नव्हतं, त्यांच्या नातवंडांना विचारावं लागलं. हे आपोआप घडलं नाही. सभा, शिबिरं, सातबारा वाचायला शिकणं, अधिकाऱ्यासमोर न अडखळता बोलणं, हे सगळं मागे होतं.

आज खाडीकाठचं चित्र बदललं आहे. शेतं कमी झाली, कारखान्याच्या पाळ्या आल्या. तरुण म्हणतात, सर, आम्हाला पुढारी नाही. आम्ही त्यांना एवढंच सांगतो: पुढाऱ्याची वाट बघू नका, आधी बांध शोधा. कुठली गोष्ट एकाची फुटली तर सगळ्यांची फुटते, ते ओळखा. पाणी असेल, जमीन असेल, कंत्राटी नोकरी असेल. तिथे एकत्र बसायला लागा. पुढारी त्या बैठकीतूनच घडेल.