जुनीं शिंगें, कर्णे व तुताऱ्या : त्यांचा संग्रह, वादन आणि जतन

१. प्रस्ताव

आमच्या संशोधकवर्गांत जुन्या कागदास जो मान आहे तो जुन्या धातूस नाहीं. एखाद्या वाड्यांतून दप्तराचें गाठोडें निघालें म्हणजे आपण त्यावरील धूळ हलक्या हातानें झाडतों, कसरीनें केलेलीं छिद्रें मोजतों, आणि फाटक्या कोपऱ्यांतील अर्ध्या अक्षरासाठीं आठ आठ दिवस वाद घालतों. त्याच वाड्याच्या माळ्यावर एखादें तांब्याचें शिंग सांपडलें तर मात्र पहिली आठवण चिंचेची होते. तें घासून लखलखीत करावें, दिवाणखान्यांत ढालीशेजारीं टांगावें आणि येणाऱ्याजाणाऱ्यास ‘शिवकालीन’ म्हणून दाखवावें, एवढ्यानें मालकास कृतकृत्य वाटतें. वाद्य हेंहि एक अस्सल साधन आहे. त्यावरील सांधे, ठिगळें, पोचे व झीज हा त्याचा मजकूर आहे. आणि तो वाचण्यापूर्वींच पुसून टाकणें हें दप्तर बंबांत घालण्यासारखेंच आहे, असें आमचें मत आहे. त्या मताचीं कारणें व त्यावरून निघणारे कांहीं व्यवहारोपयोगी नियम येथें संग्राहकांपुढें ठेवितों.

२. नांवांचा निर्णय

प्रथम नांवांचा घोटाळा दूर केला पाहिजे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचिला. त्याच्या वाद्याध्यायांत सुषिर म्हणजे पोकळ वाद्यांच्या वर्गांत वंशादिकांच्या मागोमाग काहला, तुंडकिनी, चुक्का, शृंग व शंख हीं येतात. काहला ही धातूची, तीन हात लांबीची, धोतऱ्याच्या फुलासारख्या मुखाची. तुंडकिनी व चुक्का या तिच्याच लहानमोठ्या बहिणी. शृंग मात्र तो खऱ्याखुऱ्या म्हशीच्या शिंगाचें सांगतो. म्हणजे सरळ धातूची नळी आणि वांकडें प्राणिज शिंग असे दोन स्वतंत्र वंश त्याच्या काळीं ओळखले जात होते.

पुढें सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलानें ‘आईन-इ-अकबरी’त अकबराच्या नगारखान्याची यादी दिली आहे. तींत कर्णा सोन्याचा, रुप्याचा, पितळेचा व इतर धातूंचा असून चारांहून कमी कर्णे एका वेळीं फुंकीत नसत; आणि ‘सिंग’ हें पितळेचें, गाईच्या शिंगाच्या आकाराचें असून दोन जोडीनें वाजवीत, असा तपशील आहे. नांव प्राण्याचें राहिलें, द्रव्य धातूचें झालें. त्याच यादींत नफीर हें वाद्य इराणी, फिरंगी व हिंदी अशा तिन्ही जातींचें असल्याचें नमूद आहे; यावरून युरोपीय तुताऱ्या त्या काळींच मोंगल दरबारांत पोंचल्या होत्या हें सिद्ध होतें.

‘कर्णा’ शब्दाचा संबंध संस्कृत कर्णाशीं जोडण्याचा मोह आमच्यासारख्या शास्त्र्यास होतो खरा. पण तो शब्द फारसी ‘करनाय’ याचा तद्भव आहे. उलट ‘तुतारी’चें ‘तूर्य’ शब्दाशीं नातें दिसतें, जरी त्यांत ध्वनीचें अनुकरणहि मिसळलें असावें. मराठी राज्यांत हीं सर्व वाद्यें नगारखान्याच्या छत्राखालीं आलीं. कृष्णाजी अनंत सभासदानें १६९७ सालीं लिहिलेल्या बखरींत शिवछत्रपतींचे जे अठरा कारखाने मोजले आहेत त्यांत नगारखाना हा एक आहे.

नांवांचा हा प्रश्न केवळ कोशकारांचा नाहीं. २०२४ च्या लोकसभा निवडणुकींत एका पक्षास ‘तुतारी वाजविणारा माणूस’ हें चिन्ह मिळालें होतें, आणि ‘ट्रंपेट’ या निराळ्या चिन्हाचेंहि मराठी भाषांतर ‘तुतारी’ असेंच छापलें गेल्यामुळें मोठी तक्रार उद्भवली. पुढें तें भाषांतर वगळण्यांत आलें. वाद्यकोश शिथिल असला म्हणजे राजकारणापर्यंत त्याचे परिणाम पोंचतात, याचें हें ताजें उदाहरण होय.

३. रचना व ध्वनि

आमच्या शिंगास किंवा कर्ण्यास छिद्रें नसतात व कळाहि नसतात. वाजविणाऱ्याचे ओठ कंप पावतात आणि नळींतील हवा त्यांस साथ देते. ओठ जसजसे आवळावे तसतसा नाद वर चढतो. परंतु तो सलग न चढतां पायरीपायरीनें उडी मारितो. मूळ स्वर, त्याचा वरचा षड्ज, त्यापुढील पंचम, अशा या नैसर्गिक पायऱ्या होत. आंखूड व रुंद शिंगांतून यांपैकीं दोनतीनच सहज निघतात. म्हणून शिंगावर राग वाजत नाहीं, इशारा वाजतो. स्वारी निघाली, देव पालखींत बसले, नवरदेव वेशींत आला, एवढें सांगण्यास दोन स्वर पुरेसे असतात.

युरोपांतील ट्रंपेटाचीहि स्थिति बराच काळ अशीच होती. स्टॉल्त्सेल व ब्ल्यूमेल या जर्मन वादकांनीं १८१८ सालीं कळांचा परवाना मिळविला आणि पुढें पेरिने या फ्रेंच कारागिराच्या १८३९ च्या सुधारणेनंतर आजचा दट्ट्यांचा ट्रंपेट आकारास आला. हा ट्रंपेट आपल्याकडे मुख्यतः पलटणींच्या बँडांतून व गोमंतकांतील ख्रिस्ती वादकांच्या हातून रुळला. हळदोण्यास जन्मलेले आंतोनिओ झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट (१९१६–१९६७) यांचा ट्रंपेट मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत गाजला, आणि सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाच्या संगीतांतहि तो ऐकूं येतो. अशा काळचे ट्रंपेट कोणाच्या घरीं असतील तर त्यांसहि आतां साधनाचा दर्जा आला आहे. त्यांचे दट्टे अडकले असतां पक्कडीनें ओढूं नयेत; जाणत्याकडून सोडवून घ्यावे, आणि एरवीं पातळ तेलाचे दोन थेंब व सरकत्या नळ्यांस थोडें वंगण यापलीकडे कांहीं करूं नये.

४. वाजवावें कीं ठेवावें ?

संग्राहकांत हा वाद नेहमींचा आहे. या बाबतींत मिसर देशांतील एक प्रसंग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. तुतनखामेन राजाच्या थडग्यांत (शोध १९२२) दोन तुताऱ्या मिळाल्या, एक रुप्याची व एक काशाची. दोहोंच्या पोकळींत लांकडी गाभा होता; पातळ पत्रा चेपूं नये म्हणून ही तजवीज असावी. पुढें या वाद्यांचा नाद ऐकण्याची हौस उत्पन्न झाली. एका प्रयोगांत आधुनिक मुखनळी आंत बसविली असतां रुप्याची तुतारी फुटली व आल्फ्रेड ल्युकस यांस ती पुनः जोडावी लागली. त्यानंतर १६ एप्रिल १९३९ रोजीं जेम्स टॅपर्न या लष्करी वादकानें दोन्ही वाद्यें वाजविलीं आणि तो नाद नभोवाणीवरून जगभर गेला. परंतु त्या वेळींहि मुखनळी आधुनिकच होती. म्हणजे जो स्वर लोकांनीं तीन सहस्र वर्षांपूर्वींचा म्हणून ऐकला, तो निदान अर्धा तरी विसाव्या शतकाचा होता. वाद्याची हानि झाली आणि ज्ञानाची प्राप्तिहि शंकास्पद राहिली.

यावरून कोणींहि जुनें वाद्य वाजवूंच नये, असें आम्ही म्हणत नाहीं. येथें दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. जें शिंग देवस्थानच्या सेवेंत आहे, ज्यास फुंकणारा पिढीजाद गुरव किंवा घडशी अजून हयात आहे, तें जिवंत आहे. त्याचें वादन थांबविणें हीच त्याची हानि. त्याची डागडुजी तांबटाकडून होत आली आहे व पुढेंहि व्हावी. पण जें शिंग पन्नास शंभर वर्षें मुकें पडलें आहे, ज्याचा पत्रा कोठें विरला आहे हें ठाऊक नाहीं, त्यांत श्वासाचा दमटपणा व हाताचा जोर घालूं नये. पोथी जीर्ण झाली म्हणजे आपण तिची नक्कल करितों, पाठ नकलेवरून करितों आणि मूळ प्रत बासनांत ठेवितों. तोच न्याय येथें लावावा. मापें घेऊन त्याच जाडीच्या पत्र्याची प्रत घडवावी. पुण्याच्या तांबट आळीसारख्या ठिकाणीं हातोडीचें मठारकाम अद्याप चालतें. प्रत वाजवावी, मूळ राखावें.

५. धातूवरील मजकूर

आमच्या संग्रहीं एक तीन तुकड्यांचें शिंग आहे. दोन तुकडे तांब्याचे व मधला पितळेचा. म्हणजे मधला केव्हांतरी बदलला हें उघड आहे. रुंद मुखाच्या कांठावर बारीक अक्षरें कोरलेलीं होतीं. आमच्याकडे येण्यापूर्वीं तें ज्या घरीं होतें तेथें दर दसऱ्यास तें चिंच व राखेनें घासण्याचा परिपाठ होता. आज तिरकस उजेडांत धरिलें असतां ‘शके १६’ एवढेंच वाचतां येतें. पुढील दोन आंकडे गुळगुळीत झाले आहेत. शके १६०० ते १६९९ म्हणजे इ. स. १६७८ ते १७७८. शिवछत्रपतींच्या अखेरच्या वर्षांपासून बारभाईंच्या कारस्थानापर्यंतचा शंभर वर्षांचा काळ दोन आंकड्यांबरोबर पुसला गेला. ज्यांनीं घासलें त्यांनीं तें भक्तीनेंच घासलें. परंतु भक्तीनें पुसलेला आंकडाहि परत येत नाहीं.

लेख नसतांनाहि वाद्य पुष्कळ सांगतें. पत्रा गुंडाळून केलेल्या नळीस लांबीच्या दिशेनें सांधा असतो. त्याचे दांते एकमेकांत अडकवून झाळलेले आहेत कीं नुसते कडेस कड लावून, हें पाहावें. मुखाच्या आंतील बाजूस एककेंद्री बारीक रेषा दिसल्या तर तें चरकावर फिरवून केलेलें असतें. हातोडीच्या कामावर ठोक्यांच्या चांदण्या दिसतात. पत्र्याची जाडी सर्वत्र तंतोतंत सारखी असेल तर तो गिरणींतील होय. मात्र केवळ सांध्यावरून वाद्य जुनें ठरवूं नये, कारण हाताच्या सांध्याचीं शिंगें आजहि घडतात. आम्लानें काळवंडवून नव्यास जुनें करणें कठीण नाहीं. पण ओठ टेकण्याच्या कडेवरील पिढ्यांची झीज आणि हात धरण्याच्या जागेची झिलई यांचें अनुकरण सहसा साधत नाहीं. विक्रेत्याच्या कथेपेक्षां या दोन जागांवर विश्वास ठेवावा.

६. जतनाचे नियम

पितळ म्हणजे तांबें व जस्त यांचा मिश्रधातु. चिंच, लिंबू, आमसूल यांचें आम्ल पृष्ठभागावरील जस्त आधीं उचलतें आणि खालीं तांबूस, सच्छिद्र थर उरतो. ज्यास आपण ‘सोन्यासारखें निघालें’ म्हणतों तें पुष्कळदां सोलून निघालेलें असतें. म्हणून आम्ल पूर्णपणें वर्ज्य समजावें. कोरड्या मऊ कापडानें धूळ पुसावी, एवढें पुरे.

अमोनिया हा पितळेचा दुसरा शत्रु. एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानांतील इंग्रजी फौजेचीं पितळी काडतुसें पावसाळ्यांत तबेल्यांत ठेविलीं असतां आपोआप तडकत. १९२१ सालीं मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनीं त्याचें कारण दाखविलें : घोड्यांच्या मुतारींतून उठणारा अमोनिया, आणि ठोकून घडवितांना धातूंत कोंडून राहिलेला ताण. शिंगहि ठोकूनच घडतें. तेव्हां तें गोठ्याच्या भिंतीवर टांगूं नये व अमोनिया असलेल्या बाजारी द्रवानें पुसूं नये. घडवितांना तापवून निवविलेला पत्रा हा धोका टाळतो, म्हणून प्रत करवितांना तांबटास तशी सूचना द्यावी.

कोंकणच्या खाऱ्या हवेंत तांब्याकाशावर फिकट हिरवी भुकटी धरूं लागली तर ती साधी कळकण समजून दुर्लक्ष करूं नये. ती आंतून धातु खाते. असें वाद्य इतरांपासून वेगळें, अगदीं कोरड्या जागीं ठेवून जाणकारास दाखवावें. लोकरींत गुंडाळणें व रबराचा पट्टा लावणें टाळावें, कारण त्यांतील गंधक धातूस काळें करितो. धुतलेलें, खळ नसलेलें सुती कापड उत्तम. शिंग खुंटीस एका कडेनें टांगल्यास सांध्यांवर भार येतो. आडवें, दोन ठिकाणीं आधार देऊन ठेवावें. सांधा ढिला असेल तर मेण लावलेला दोरा गुंडाळावा, झाळूं नये. दोरा उद्यां सोडतां येतो, झाळ सोडतां येत नाहीं. पोचे काढूं नयेत. पोचा हा कदाचित् एखाद्या पळापळीचा एकमेव पुरावा असेल. सेवेंतील वाद्य वाजवून झाल्यावर उलटें धरून पाणी निथळूं द्यावें व वाळल्यावरच बासनांत ठेवावें.

कायद्याचेंहि भान असावें. १९७२ च्या पुरावस्तु व कलानिधि अधिनियमान्वयें शंभर वर्षांहून कमी नाहीं इतक्या जुन्या अशा वस्तु पुरावस्तु ठरतात. त्यांचा व्यापार परवान्यावांचून करतां येत नाहीं, व खासगी व्यक्तीस त्या परदेशीं पाठवितां येत नाहींत.

७. उपसंहार

१८१८ सालीं पेशवाई गेली, १८४८ सालीं सातारा खालसा झाला, आणि दरबारी नगारखान्यांस पोसणारा हात नाहींसा झाला. देवळांनीं तो वारसा कांहीं अंशीं सांभाळला. केशवसुतांनीं १८९३ सालीं ‘तुतारी’ ही कविता लिहिली, तेव्हां तो शब्द ऐकतांच कानांत प्रत्यक्ष नाद उमटेल अशी पिढी होती. आजच्या विद्यार्थ्यास कविता पाठ असते, पण वाद्य त्यानें मिरवणुकींत दुरून पाहिलेलें असतें. पुण्यांतील राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणीं जुनीं वाद्यें कपाटांत सुरक्षित आहेत, ही समाधानाची गोष्ट. पण कपाटांत आकार टिकतो, फुंक टिकत नाहीं. कोणत्या प्रहरीं किती फुंका, कोणत्या इशाऱ्यास कोणता स्वर, हें ज्ञान वृद्ध वादकांच्या ओठांवर आहे आणि तें कोणत्याहि दप्तरांत उतरलेलें नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी. आपल्या गांवच्या देवळांतील, वाड्यांतील व खासगी संग्रहांतील प्रत्येक शिंगाची लांबी, वजन, तुकड्यांची संख्या, सांध्याची रीत व असल्यास लेखाचा ठसा टिपून ठेवावा. आणि फुंकणारा हयात असेल तर त्याच्याकडून इशारे वाजवून घेऊन ध्वनिमुद्रण करावें. हें काम एका मनुष्याचें नव्हे, परंतु तालुक्यास एक मनुष्य मिळाला तरी तें होण्याजोगें आहे. यंदाच्या दसऱ्यास शस्त्रांबरोबर शिंगहि पूजेस बाहेर येईल. त्यास हळदकुंकू न लावतां, केवळ एक फूल वाहावें, आणि चिंच स्वयंपाकघरांतच राहूं द्यावी.